कोनशिलेवरचं नाव

जळकोट, ३ ऑगस्ट

प्रिय मंजू,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर बोलतेस आणि मी "हां, हां" करते. त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, हे तुला एव्हाना कळलं असेलच. कानाचं यंत्र मी डबीत ठेवून दिलंय. ते घातलं की सगळ्या गल्लीतली भांडणं ऐकू येतात आणि मग मधे पडल्याशिवाय राहवत नाही. म्हणून पत्र. अमरेशची अंबिका याचा फोटो काढून तुला पाठवील. सून गुणाची आहे, पण फोटो काढता काढता वाचते, तेव्हा तिच्या तक्रारी प्रत्यक्ष भेटीत.

मुद्द्याचं लिहिते. आमच्या बचत गटाची डाळ मिल उभी राहिली! इतकी वर्षं आमच्या बायका शेतातली तूर उदगीरच्या मोंढ्यावर व्यापाऱ्याला पोत्यानं घालायच्या आणि घरी खायला पुन्हा दुकानातून डाळ आणायच्या. आता शेड झालं, यंत्र बसलं, कंपनी नोंदवायचे कागद गेले. शिवकांता तर रोज यंत्राला विभूती लावून येते. अजून त्यातून डाळीचा एक दाणा निघालेला नाही, कारण वीज यायची आहे. ती येईल.

दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन आहे आणि ते तुझ्या हातून. कंपनीच्या संचालकांत तुझं नाव घालायचं ठरलंय. पत्रिकेवर तुझ्या नावाखाली रोमच्या संस्थेचं नाव, आणि शेजारी नाना. नाना म्हणजे आमचे तालुक्याचे पुढारी, यंदा झेडपीला उभे राहणार आहेत. परवा घरी येऊन म्हणाले, "बाई, तुमची भाची येऊन राहिली म्हंजे जळकोटाचं नाव जगात झालं की हो." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुझी आई गेल्यावर दर सुट्टीत तू माझ्याकडे असायचीस. तू नाही म्हणणार नाहीस, म्हणून विचारत नाही, कळवते आहे. तिकीट काढ.

तुझी,
शांतम्मा आत्या


रोम, १० ऑगस्ट

ती. आत्या,
शरणु.

तुझं अक्षर बघून आधी रडले, मग मजकूर वाचून घाम फुटला. मिल उभी राहिली याचा मला किती आनंद झालाय ते खरंच लिहिता येत नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. आणि आता जे लिहायचंय ते लिहायला तीन कागद फाडले.

आत्या, मला उद्घाटन करता येणार नाही. संचालकही होता येणार नाही.

माझं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. डाळीत ओलावा किती चालेल, बुरशीचं विष किती असलं तर माल परत पाठवायचा, हे नियम सगळ्या देशांची माणसं एकत्र बसून ठरवतात. त्या बैठकांचे कागद मी तयार करते. तिथे मी भारताची नाही, कुणाचीच नाही. रुजू होताना तशी शपथ घ्यावी लागते, की कुठल्याही सरकारचं ऐकणार नाही, कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर बसणार नाही, आणि नोकरीबाहेरचं काही काम करायचं तर आधी परवानगी घेईन. डाळीच्याच कंपनीत संचालक व्हायला परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नयेच. आपल्या अमरेशदादाची कुस्ती लागली तर कुणी त्याच्या सख्ख्या मामाला पंच नेमेल का?

संस्थेचं नाव पत्रिकेवर नको. नानांच्या शेजारची खुर्ची नको. पण मी सुट्टी काढून येईन, तुझी भाची म्हणून, आणि बायकांमध्ये बसेन. त्याला कुणाची हरकत नाही.

पत्रिका अजून छापली नसेल ना? रागावू नकोस. रागावलीस तरी जेवण टाकू नकोस.

तुझी,
मंजू


जळकोट, १९ ऑगस्ट

मंजुश्रीस,

पत्र पोचलं.

घरच्या कामाला तुमच्याकडे "बाहेरचं काम" म्हणतात, हे मला सत्तरीत आल्यावर कळलं. आपल्यात कायक म्हणजे पोटाचं काम आणि दासोह म्हणजे त्यातलं चार जणांना वाटणं. दोन्ही एकाच माणसानं करायची असतात. तुमच्या त्या शपथेत दासोहाला जागा नाही वाटतं. सुट्टीत येऊन तू पापड लाटलेस तर त्यालाही अर्ज करावा लागतो का, तेही एकदा कळव.

मी बायकांना काय सांगू? शिवकांतानं तुझ्यासाठी इरकली साडी आणून ठेवली आहे. लुंबिनी तिच्या लेकीला म्हणत होती, "बघ, आत्याबाईची मंजू तुझ्यासारखीच झेडपीच्या शाळेत शिकलेली हाय." त्यांना सांगू की मंजूला आमच्या शेजारी बसायला लाज वाटते?

भाची म्हणून ये म्हणतेस. भाची आहेसच की. त्यासाठी रोमहून यायची गरज नाही. कामात असशील तर येऊ नकोस.

कळावे,
शांतम्मा


जळकोट, २१ ऑगस्ट

प्रिय मंजूवन्सं,

मी अंबिका. आत्याबाईंच्या पत्राचा फोटो पाठवताना वाचलं, हो, वाचलं. त्या पत्रात जे नाही ते मी लिहिते. त्यांना कळलं तर माझी काही धडगत नाही.

पहिलं म्हणजे, कोनशिला कोरून झालीय. तुम्हाला विचारायच्या आधीच. निलंग्याच्या कारागिराकडून काळा दगड आणलाय, चांगला हातभर रुंद. वर तुमचं नाव, त्याखाली तुमच्या संस्थेचं पूर्ण नाव आणि शेवटी नानांचं. आत्याबाई रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन तो पुसायच्या. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून त्यांनी त्यावर पोतं टाकून ठेवलंय.

दुसरं विजेचं. मिलला थ्री-फेज लागते, त्यासाठी नवा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवून पाहिजे. अर्ज चैत्रात दिलाय. नाना आत्याबाईंना माझ्यासमोर म्हणाले, "रोमच्या मॅडमला स्टेजवर आणा, डीपी आठ दिवसांत उभा करतो." आत्याबाईंनी हे तुम्हाला लिहिलं नाही, कारण त्यांना ते मागणं वाटलं असतं. आत्याबाई मागत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. हुकूम सोडतात.

आणि तिसरं मला सांगायलाच हवं. नानांच्या पोरांनी तुमचा फोटो आणि तुमच्या संस्थेचं बोधचिन्ह लावून फेसबुकवर टाकलंय. खाली लिहिलंय, "नानांच्या पाठीशी जग!" मला ते बरं वाटलं नाही. यांना म्हटलं तर हे म्हणाले, "राहू दे की, आपल्याच मंजूचा फोटो हाय."

आत्याबाई रात्रीची भाकरी अर्धी टाकतात. काय करायचं ते सांगा.

तुमची,
अंबिका


रोम, १ सप्टेंबर

ती. आत्या,
शरणु.

हे पत्र रागानं लिहीत नाहीये, तूही तसं वाचू नकोस.

फेसबुकवरचं चित्र मी पाहिलं. कसं कळलं ते विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या एथिक्स ऑफिसात गेले. नियमांत बसतं की नाही हे विचारायला आमच्याकडे ते वेगळं ऑफिस असतं. मी स्वतःहून चित्र दाखवलं आणि सांगितलं की ही माझी माणसं आहेत, यांनी कौतुकानं केलंय. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, आधी ते काढायला सांगा आणि झालेलं सगळं लिहून द्या. मी लिहून दिलं. अमरेशदादानं त्याच दिवशी पोरांना सांगून ते काढवलं, त्याला माझ्याकडून धन्यवाद सांग.

हे तुला सांगणार नव्हते, पण आता लपवून काय करू? माझा करार डिसेंबरात संपतो. पुढे वाढवायचा की नाही ते ठरायचंय. गप्प बसले असते आणि नंतर कुणी ते चित्र पुढे केलं असतं, तर नोकरी गेली असती. अजूनही काय होईल माहीत नाही. मला भीती वाटते, आत्या.

आणि त्याहून जास्त तुमच्या डीपीची वाटते. हो, मला कळलंय. माझ्या नाहीमुळे बायकांचं यंत्र बंद पडून राहणार असेल, तर मला इथे अन्न गोड लागत नाही. पण तरी मी येऊन त्या खुर्चीवर बसणार नाही.

लाजेचं म्हणशील तर एक आठवण सांगते. तू जळकोटहून उदगीरला इलेक्शन ड्युटीवर आली होतीस, मोंढ्याजवळच्या शाळेत. बाबा शाळेबाहेर एका उमेदवाराच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटत बसले होते. दुपारी त्यांनी माझ्या हाती तुझ्यासाठी डबा दिला. येसराची आमटी, ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी. तू फाटकाशी आलीस, डब्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आज दादाचा डबा नको. उद्या दादाच्या घरी येऊन जेवते." दुसऱ्या दिवशी खरंच आलीस आणि तीन भाकरी खाल्ल्यास. बाबा मात्र संक्रांतीपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. "सख्ख्या भावाच्या डब्यात काय इख घातलं होतं व्हय?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे.

तुला त्या दिवशी बाबांची लाज वाटत होती का? मग मला तुझी कशी वाटेल? त्या फाटकाशी डबा धरून मीच उभी होते.

तुझी,
मंजू


जळकोट, २८ नोव्हेंबर

प्रिय मंजू,
अनेक आशीर्वाद.

जवळजवळ तीन महिने पत्र लिहिलं नाही. आधी रागात होते, मग कामात.

तुला डबा आठवतो, पण पुढचं सांगत नाहीस. तो परत न नेता तू समोरच्या चिंचेखाली बसून एकटीनं फस्त केलास. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आमटीचा वास आत मतपेटीपर्यंत येत होता. पुढे शिवमूर्तीदादानं, तुझ्या बाबांनी, डबा कुणी संपवला ते विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं नाही, हे उपकार समज.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी अंबिकाला घेऊन नानांकडे गेले. सांगितलं, भाची स्टेजवर बसणार नाही आणि पत्रिकेवर कुणाच्याच हुद्द्याचं नाव येणार नाही. नाना हसले. "मग बाई, डीपीचं माझ्यानं काय होत न्हाई बघा." मी म्हटलं, "न्हाई तर न्हाई." बाहेर आल्यावर मात्र बायकांना काय तोंड दाखवावं कळेना.

पाडवा गेला. मिलला कुलूप. शिवकांतानं तरी जाऊन यंत्रापुढे पणती लावली.

मग आम्हीच ठरवलं, आपला अर्ज आपण विचारायचा. दर आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही सगळ्या विजेच्या ऑफिसात जाऊन बसायला लागलो. भांडण नाही, घोषणा नाही. बरोबर निवडायला शेंगा न्यायच्या आणि बसायचं. तिथे धम्मप्रिया म्हणून एक तरुण इंजिनिअर पोरगी आहे. तिसऱ्या वेळी तिनं आम्हाला आत बोलावलं आणि कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला. "आजी, अर्ज पूर्ण हाय तुमचा. ह्या वस्तीचं काम झालं की तुमचाच नंबर. त्याला कुणाचा फोन लागत न्हाई."

मी त्या वस्तीचं नाव वाचलं. लुंबिनीची वस्ती, मंजू. त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या मोटारीला वीज पाहिजे, त्यांचा अर्ज आमच्या आधीचा. नाना आठ दिवसांत जो डीपी उभा करणार होते, तो यांच्या पुढ्यातला उचलून. लुंबिनी माझ्या शेजारीच बसली होती, खाली मान घालून. मी विचारलं, "तुला ठावं होतं?" ती म्हणाली, "हाव. पर तुमी सगळ्या लई खुशीत होता. मी कसं बोलू?"

मला त्या खुर्चीत बसवेना. इतकी वर्षं शाळेत मी पोरांना रांगेत उभं राहायला शिकवलं, आणि सत्तरीत माझ्याच गटातल्या बाईच्या घागरीपुढे घुसायला निघाले होते, तेही तुझं नाव पुढे करून. तू हो म्हणाली असतीस तर आम्हाला हे कधी कळलंही नसतं.

लुंबिनीच्या वस्तीवर मागच्या आठवड्यात मोटार सुरू झाली. आता आमचा नंबर. जानेवारीत नवी तूर येईल तेव्हा मिल सुरू करू. तू ये. भाची म्हणून ये. रोमहूनच ये.

कोनशिलेचं अंबिकानं तुला सांगितलं असेलच, ती काही पोटात ठेवणारी नाही. त्या दगडाची मी सोय लावली आहे. कराराचं काय झालं ते कळव. रोज लिंगपूजा करताना तुझं नाव घेते.

तुझी,
आत्या


रोम, २ फेब्रुवारी

ती. आत्या,
शरणु.

सुखरूप पोचले. शेंगांच्या पोळ्या विमानतळावर अडवल्या नाहीत, डाळीची पुरचुंडी मात्र मीच बॅगेतून काढून अंबिकाला परत दिली होती. अजून मी कागदोपत्री फार सोवळी आहे. करार दोन वर्षांसाठी वाढला, ते तुला सांगितलंच. तेव्हा तू माझ्या पाठीत जो धपाटा घातलास तो अजून दुखतोय.

डोळ्यांपुढून तो दिवस हलत नाही. स्टेज नाही, हार नाहीत. लुंबिनीनं पहिलं पोतं यंत्रात ओतलं आणि खालून पिवळीधमक डाळ आली तेव्हा शिवकांता रडली, मी रडले, तू "धूळ गेली डोळ्यांत" म्हणालीस. धम्मप्रिया येऊन एका कोपऱ्यात चहा पिऊन गेली, तोही स्वतःच्या थर्मासमधला. मला ती फार आवडली.

मग नाना आले, न बोलावता. मी मागे बायकांत बसून सुपातली डाळ निवडत होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "त्या रोमच्या मॅडम कुठं हायत?" तू काय म्हणालीस ते मी ऐकलं, आत्या. तुला ऐकू येत नाही, म्हणून तुला वाटतं कुणालाच येत नाही. तुझा आवाज मोंढ्यापर्यंत गेला असेल. "कोण मॅडम? इथं कोणी मॅडम न्हाई. ही माझी भाची हाय, सुट्टीवर आलीय. बसवलीय कामाला."

मला आजवर ज्या बैठकांतून मान मिळाला, त्यातल्या कशानंच इतकं बरं वाटलं नव्हतं. सूप तोंडापुढे धरून मी किती वेळ रडत होते, शेजारणींना विचार.

आणि बाबा! उदगीरहून एसटीनं डबा घेऊन आले. तुझ्यापुढे धरून म्हणाले, "शांते, आज तरी खातीस का?" तू सगळ्यांसमोर तिथेच मांडी घालून बसलीस. मला एक घाससुद्धा दिला नाहीस, ते बरोबरच होतं.

आता एक विचारायचंय. उदगीर स्टेशनावर गाडी शिरता शिरता अंबिका मला म्हणाली, "वन्सं, कोनशिला कुठं गेली ते बघितलंच न्हाई तुम्ही." मी विचारेपर्यंत गाडी सुटली. आत्या, तो दगड कुठे आहे? त्यावर अजून संस्थेचं नाव आहे, म्हणून काळजी वाटते.

तुझी,
मंजू


जळकोट, १० फेब्रुवारी

प्रिय मंजू,
अनेक आशीर्वाद.

अंबिकाच्या पोटात काही राहत नाही हे मी आधीच लिहिलं होतं.

दगड चांगला होता, टाकवेना. घासायला सांगितलं तर कारागीर म्हणाला, अक्षरं खोल गेलीत, दगड फुटेल. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो शेडच्या दारात पालथा घातला आणि खालून सिमेंट भरून पक्का बसवला. पाठ गुळगुळीत आहे. त्यावर आमचा वजनकाटा ठेवलाय. आधी काटा मातीच्या जमिनीवर होता, तेव्हा हलायचा आणि बायकांची रोज कुरबुर व्हायची, हिचं पोतं जास्त भरलं, तिचं कमी. आता हलत नाही.

त्या दिवशी बायकांनी तुला हसत हसत काट्यावर उभं केलं होतं, आठवतं? तुझं नाव तेव्हा तुझ्याच पायाखाली होतं. नाव खालीच राहू दे, मंजू. वर वजन खरं येतं.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या